चियांग माईमध्ये तीन महिन्यांसाठी कोलिव्हिंग : रात्री अकरापर्यंत शांत खोली मिळेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येत्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीअखेरपर्यंत थायलंडमधील चियांग माई येथे राहून काम करण्याचे मी ठरवत आहे. स्वतःची स्वतंत्र खोली आणि सगळ्यांना मिळून स्वयंपाकघर, बैठक व कामाची जागा, अशा कोलिव्हिंगच्या व्यवस्थेत तिथे प्रत्यक्ष राहिलेल्यांकडून मला माहिती हवी आहे. जाहिराती आणि छायाचित्रे पुष्कळ पाहून झाली. पण माझी अडचण जरा वेगळी असल्यामुळे सविस्तर लिहिते.

मी पुण्यात राहते, वय ४३, आणि जर्मन-इंग्रजी दुभाषी म्हणून घरून काम करते. वैद्यकीय परिषदांमध्ये वक्ता जर्मनमध्ये बोलत असतानाच काही सेकंदांच्या अंतराने तेच इंग्रजीत सांगत जायचे, असे हे काम आहे. त्यात वाक्याचा शेवट ऐकू आला नाही तर सगळे वाक्यच हातचे जाते, कारण जर्मनमध्ये मुख्य क्रियापद पुष्कळदा शेवटी येते. त्यामुळे मला दोन गोष्टी लागतातच : भिंतीतून येणारी तारेची इंटरनेट जोडणी (वायफायवर आमचे ग्राहक कामच देत नाहीत) आणि बाहेरचा आवाज आत न येणारी खोली.

गेल्या वर्षी उत्तर गोव्यातल्या एका कोलिव्हिंगमध्ये मी महिनाभर राहिले होते. माणसे चांगली होती, जागा देखणी होती. परंतु दोन खोल्यांमध्ये भिंतीऐवजी प्लायवूडचे पार्टिशन आहे, हे मला पहिल्या परिषदेच्या दिवशी समजले. हृदयाच्या झडपेवरच्या शस्त्रक्रियेचे व्याख्यान चालू असताना शेजारच्या खोलीत कुणीतरी चहा ढवळत होते, आणि तो चमचा कपाला लागल्याचा आवाज माझ्या माइकमधून थेट म्युनिकच्या सभागृहात गेला. पुढचे सर्व दिवस मी दाराला रजई लावून, पंखा बंद करून काम केले. व्यवस्थापनाला सांगितल्यावर त्यांनी शेजाऱ्याला समज दिली, आणि याचे मला अधिक वाईट वाटले. आपल्या खोलीत चहा पिणाऱ्या माणसाचा काय दोष?

आता चियांग माईबद्दल. हिवाळ्यात जर्मनीपेक्षा थायलंडची वेळ सहा तास पुढे असते. म्हणजे तिथले सकाळी ९ ते सायंकाळी ५ हे माझे दुपारी ३ ते रात्री ११ होतात. वेगळी खोली भाड्याने घेऊन कोवर्किंगमध्ये, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या सामायिक कार्यालयात, जाण्याचा पर्याय आहे, परंतु बऱ्याच जागा रात्री लवकर बंद होतात, आणि त्यांतल्या फोन बूथमध्ये सलग दोन तास बसले की हवा कोंडते. शिवाय रात्री साडेअकराला परक्या गावात रोज एकटीने परतणे मला नको आहे. राहणे आणि काम एकाच छताखाली असावे, आणि काम संपल्यावर दोन शब्द बोलायला माणसे असावीत, एवढ्यासाठी कोलिव्हिंगचा विचार आहे.

भागांविषयी मी जे वाचले ते असे : निम्मान हा विद्यापीठाजवळचा, कॅफे आणि कोवर्किंगने गजबजलेला व तुलनेने महाग भाग; खंदकाच्या चौकोनाच्या आतले जुने शहर पायी फिरण्याजोगे; आणि खंदकाच्या उत्तरेचे सांतिथाम स्वस्त व स्थानिक वस्तीचे. हब५३ आणि ऑल्ट चियांग माई ही कोलिव्हिंगची दोन नावे मला वारंवार दिसली. माझी मर्यादा सर्व मिळून महिन्याला २२,००० बाथ, म्हणजे साधारण साठ हजार रुपये.

तर अशा वेळापत्रकाने कोणी तिथे राहिले आहे का? खोली आरक्षित करण्यापूर्वी भिंती, दार आणि तारेची जोडणी यांची खात्री दूरवरून कशी करावी? व्हिसाचा कोणता मार्ग योग्य? मी शाकाहारी आहे आणि मला सौम्य दमा आहे, हेही नमूद करते.

प्रतिसाद १

ताई, मी दोन हिवाळे चियांग माईत काढले आहेत. पहिला कोलिव्हिंगमध्ये, दुसरा सांतिथाममधल्या साध्या अपार्टमेंटमध्ये. तुमच्या प्रश्नात भिंतीइतकीच महत्त्वाची एक गोष्ट सुटली आहे, ती आधी सांगतो.

कोलिव्हिंगचा सामाजिक वेळ हाच नेमका तुमचा कामाचा वेळ आहे. एकत्र जेवण, गच्चीवरच्या गप्पा, कोणाचा निरोप समारंभ, हे सगळे संध्याकाळी सात ते दहा या वेळेत होते. म्हणजे ज्या सोबतीसाठी तुम्ही तिथे जाणार, ती तुम्हाला मिळणार नाही आणि तिचा आवाज मात्र मिळेल. म्हणून जागेला पहिला प्रश्न हा विचारा, की सध्या राहणाऱ्यांपैकी किती जण युरोपच्या वेळेवर काम करतात. अशी माणसे चियांग माईत भरपूर असतात; जिथे ती निम्म्याहून अधिक आहेत तिथे घराची घडीच तशी बसलेली असते. सकाळी नाश्त्याला सगळे भेटतात, दुपारी जेवून जो तो आपल्या खोलीत जातो आणि संध्याकाळ शांत असते. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मला असे घर योगायोगाने मिळाले होते. सकाळी आठला सामायिक ओट्यावर पोहे करायला लागलो की दोन पोलिश आणि एक कोरियन मुलगी कांदा चिरायला येऊन उभी राहत. संध्याकाळी त्या घरात केवळ कळफलकांचा आवाज असे.

आता भिंतींबद्दल. तिथल्या बऱ्याच इमारती पूर्वीची हॉटेले किंवा अपार्टमेंट आहेत, त्यामुळे भिंती सहसा पक्क्या असतात. आवाज येतो तो दाराखालच्या फटीतून आणि व्हरांड्याकडे उघडणाऱ्या झडपांच्या खिडकीतून. कोपऱ्यातली, वरच्या मजल्यावरची, जिना आणि गच्ची या दोन्हींपासून लांबची खोली मागा. व्यवस्थापकाला विनंती करा, की रात्री आठ वाजता त्या खोलीत दार लावून फोन टेबलावर ठेवावा आणि पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण पाठवावे. जो पाठवतो त्याच्याकडे जावे. त्याच वेळी राउटर कोठे आहे तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी तो मजल्यावरच्या व्हरांड्यात असतो आणि खोलीत तारेचा सॉकेट नसतो. तार दाराखालून आत घेण्याची परवानगी लेखी घ्यावी लागते.

निम्मानबद्दल एक इशारा : विमानतळ शहराला अगदी लागून आहे, आणि निम्मान व त्याला लागून असलेल्या सुथेपच्या भागात विमाने डोक्यावरून जातात. तुमच्या कामात ते चालणार नाही. जुने शहर किंवा सांतिथाम बरे. मी तुमच्या जागी असतो तर सांतिथाममध्ये सात-आठ हजार बाथची स्टुडिओ खोली घेतली असती, स्वतंत्र फायबर जोडणी असलेलीच शोधली असती, आणि सोबतीसाठी कोवर्किंगचे सदस्यत्व फक्त सकाळपुरते वापरले असते. वीज मात्र विचारून घ्या. सरकारी दर युनिटला चार-पाच बाथच्या आसपास असताना अपार्टमेंटवाले सात-आठ लावतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १५-१६ अंशांपर्यंत उतरतो, एसी लागत नाही, म्हणून तुम्हाला त्याची झळ कमी बसेल.

प्रतिसाद २

व्हिसाविषयी लिहिते. जुलै २०२४ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस मिळू लागले आणि १,९०० बाथ भरून आणखी ३० दिवसांची मुदतवाढ घेणारे पुष्कळ आहेत, परंतु ती सोय पर्यटनासाठी आहे, आणि हे नियम बदलत असतात. तुम्ही तिथे बसून नियमितपणे काम करणार आहात. त्यासाठी थायलंडने त्याच जुलैत डेस्टिनेशन थायलंड व्हिसा, म्हणजे डीटीव्ही, सुरू केला. तो पाच वर्षांचा असतो, प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस राहता येते, वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि खात्यात किमान ५ लाख बाथ दाखवावे लागतात, म्हणजे साधारण तेरा-चौदा लाख रुपये. स्वतंत्र व्यावसायिकांनी ग्राहकांचे करार आणि कामाचे नमुने जोडावेत. अर्ज थायलंडबाहेरूनच, म्हणजे तुमच्या बाबतीत निघण्यापूर्वी इथूनच, ऑनलाइन करायचा.

दुसरी गोष्ट टीएम ३०. परदेशी व्यक्ती राहायला आली की २४ तासांच्या आत घरमालकाने इमिग्रेशनला कळवायचे असते. ही नोंद नसेल तर मुदतवाढीच्या वेळी खिडकीवरून परत पाठवतात, आणि हेलपाटा आपल्याला पडतो. चांगली कोलिव्हिंगे हे आपणहून करतात. खासगी फ्लॅटचे मालक पुष्कळदा करत नाहीत. त्याचप्रमाणे, हॉटेलचा परवाना नसलेल्या जागेत ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीचे भाडे तिथल्या कायद्यात बसत नाही. ‘दहा दिवस राहून पाहा, मग ठरवा’ असे कोणी खासगी फ्लॅटवाला म्हणाला तर सावध राहा. पहिला आठवडा परवाना असलेल्या गेस्टहाउसमध्ये काढावा आणि संध्याकाळी जाऊन खोल्या पाहाव्यात, हे मला सर्वांत सुरक्षित वाटते.

प्रतिसाद ३

दमा आहे म्हणून आवर्जून सांगतो, जानेवारीअखेरची तारीख पुढे ढकलू नका. फेब्रुवारीपासून शेतातले पेंढे आणि डोंगरातली जंगले पेटतात, शहर डोंगरांच्या वाटीत असल्यामुळे धूर तिथेच कोंडतो, आणि मार्चमध्ये डोई सुथेपचा डोंगर शहरातून दिसेनासा होतो. पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची पातळी तेव्हा जगातल्या सर्वांत वाईट शहरांच्या पंक्तीत असते. माझ्या पत्नीला त्या महिन्यात पंप दुप्पट घ्यावा लागला आणि आम्ही मुक्काम अर्ध्यावर सोडला.

जेवणाचे : पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ‘เจ’ लिहिलेले, म्हणजे ‘जे’ खाद्य, ते पूर्ण शाकाहारी असते; त्यात अंडे, दूध आणि कांदा-लसूणही नसतो. एरवी भाजीच्या पदार्थातही पुष्कळदा मासळीचा सॉस असतो. म्हणून सामायिक स्वयंपाकघरात किमान एक शेगडी आणि तुमच्या हक्काचे एक कपाट असेल हे पाहा.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद १ मधला मुद्दा माझ्या खरोखरच ध्यानात आला नव्हता. गोव्यात मी ज्याला आवाजाची अडचण समजत होते, ती बऱ्याच अंशी वेळेची होती. घर रात्री जागे होत असे आणि मी रात्री कामावर बसत असे.

आज तीन ठिकाणी पत्र पाठवून दोनच गोष्टी विचारल्या : सध्या किती जण युरोपच्या वेळेवर काम करतात, आणि रात्री आठचे ध्वनिमुद्रण पाठवाल का. एका ठिकाणाहून तासाभरात ध्वनिमुद्रण आले. हेडफोन लावून तीनदा ऐकले. कुठेतरी दूर एक कुत्रा भुंकतो आणि पाल चुकचुकते, बाकी काही नाही. ती जागा जुन्या शहराच्या ईशान्य कोपऱ्यात आहे, खोली तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात आहे, १८,५०० बाथमध्ये वीज धरलेली आहे, टीएम ३० ते स्वतः करतात. मात्र राउटर व्हरांड्यात, दारापासून बारा मीटरवर आहे. डीटीव्हीची कागदपत्रे जमवायला घेतली आहेत.

आता एवढेच सांगा : दाराखालून सहज जाईल अशी चपटी पंधरा-वीस मीटरची लॅन केबल तिथे मिळते, की पुण्याहूनच घेऊन जाऊ? आणि त्या ईशान्य कोपऱ्यात विमानांचा आवाज कितपत येतो, हे कोणी राहिलेले असल्यास कृपया लिहावे. ध्वनिमुद्रणाच्या पाच मिनिटांत एकही विमान गेले नाही.