बिनपगारी संचालकाला वैयक्तिक प्राप्तिकर विवरणपत्र भरावे लागते का?

प्रश्न – ऐरोलीकर

माझ्या यजमानांची रबाळे एमआयडीसीत लेबल छपाईची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. अशा कंपनीला किमान दोन संचालक लागतात म्हणून नोंदणीच्या वेळी दुसरी संचालक म्हणून माझे नाव घालण्यात आले, आणि दहा टक्के शेअरही माझ्या नावावर आहेत. पगार, मानधन, बैठकीचा भत्ता किंवा लाभांश यांपैकी मला आजवर काहीही मिळालेले नाही. ताळेबंदावर आणि ठरावांवर सही करणे एवढाच माझा कंपनीशी संबंध आहे.

आईकडून वारशाने मिळालेल्या रकमेच्या मुदत ठेवी माझ्या नावावर असून २०२५-२६ या आर्थिक वर्षात त्यांवर १,६२,००० रुपये व्याज जमा झाले आणि बँकेने त्यातून १६,२०० रुपये टीडीएस कापला. याखेरीज मला उत्पन्न नाही. संचालक असल्यामुळे उत्पन्न कितीही असो, विवरणपत्र भरावेच लागते, असे माझे चुलत दीर सांगतात. कंपनी स्वतःचे विवरणपत्र भरते, तेव्हा तुम्ही काही भरण्याची गरज नाही, असे आमचे हिशेबनीस म्हणतात. यांपैकी कोणाचे म्हणणे ग्राह्य धरावे?

उत्तर १ – वागळे इस्टेट, ठाणे

दोघांचेही कारण चुकीचे आहे, मात्र हिशेबनीसांचा निष्कर्ष आपल्या बाबतीत कायद्याला धरून आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १३९(१) नुसार कंपनीला नफा असो वा तोटा, विवरणपत्र भरावेच लागते. व्यक्तीला ते भरावे लागते ते वजावटी घेण्याआधीचे एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर गेले तर. २०२५-२६ साठी ही मर्यादा नव्या करप्रणालीत ४ लाख रुपये आहे, आणि संचालकपद हा त्या कलमातला निकष नाही. (१ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू झाला असला तरी २०२५-२६ च्या उत्पन्नाचा हिशेब जुन्याच कायद्याने होतो.) १२ लाखांपर्यंत कर लागत नाही, असे जे सर्रास बोलले जाते ते कलम ८७ए च्या सवलतीमुळे, विवरणपत्राची सक्ती मात्र ४ लाखांच्या पुढे सुरू होते, हा फरक लक्षात ठेवावा.

गैरसमजाचे मूळ फॉर्मच्या सूचनांमध्ये आहे. वर्षभरात केव्हाही कंपनीचे संचालक असलेल्या किंवा शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचे समभाग बाळगणाऱ्या व्यक्तीला विवरणपत्राचे आयटीआर-१ आणि आयटीआर-४ हे फॉर्म वापरता येत नाहीत. ही अट कोणता फॉर्म भरायचा एवढेच ठरवते. भरायचा की नाही, हे ठरवत नाही. लोक दोन्ही एकत्र करतात आणि ‘संचालकाला सक्ती’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

उत्पन्न मर्यादेखाली असूनही सक्ती लागू करणारी कारणे वेगळी आहेत. वर्षभरात स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या परदेश प्रवासावर २ लाखांहून अधिक खर्च, १ लाखाहून अधिक वीजबिल, बचत खात्यांत ५० लाख किंवा अधिक भरणा, आणि २५,००० रुपये किंवा अधिक टीडीएस-टीसीएस, म्हणजे उत्पन्नातून कापलेला किंवा खरेदीच्या वेळी वसूल केलेला कर (ज्येष्ठ नागरिकांसाठी ५०,०००), ही त्यांतली घरगुती माणसाला लागू पडणारी. परदेशी कंपनीचे शेअर किंवा परदेशातील खात्यावर सहीचा अधिकार असला तरी भारतात राहणाऱ्याला विवरणपत्र चुकत नाही. आपला टीडीएस २५,००० च्या आत आहे. घरचे वीजबिल आपण भरत असाल तर त्याची वर्षाची बेरीज मात्र करून पाहा. दोन-तीन एसी असलेल्या घरात ती १ लाखाच्या जवळ सहज जाते.

उत्तर २ – नेरूळ

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण सक्ती नाही म्हणून भरू नये, असे मी सुचवणार नाही. कापलेले १६,२०० रुपये परत मिळवण्याचा विवरणपत्राखेरीज दुसरा मार्ग नाही. आपल्याला आयटीआर-२ भरावा लागेल. त्यात संचालकपदाविषयीच्या प्रश्नाला ‘होय’ म्हणून कंपनीचे नाव, तिचा पॅन आणि आपला डीआयएन (संचालक ओळख क्रमांक) द्यावा लागतो, आणि शेअरच्या तक्त्यात वर्षाच्या सुरुवातीची व शेवटची शिल्लक खरेदीच्या किमतीसह दाखवावी लागते. ‘उत्पन्न फक्त व्याजाचे आहे’ म्हणून सायबर कॅफेतून आयटीआर-१ भरून घेतल्यास बंगळूरुच्या सीपीसीकडून (प्राप्तिकर खात्याचे विवरणपत्रे तपासणारे केंद्र) कलम १३९(९) खाली सदोष विवरणपत्राची नोटीस येऊ शकते आणि ते दुरुस्त करण्यास साधारणपणे १५ दिवस मिळतात.

‘मला काहीच मिळत नाही’ हे विधानही एकदा तपासून घ्यावे, असे मला वाटते. कंपनीकडून संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला मिळालेला लाभ, रोख नसला तरी, कलम २(२४) नुसार उत्पन्न ठरतो. कंपनीची गाडी घरच्या कामाला, कंपनीच्या कार्डावर कुटुंबाची सहल, असे प्रकार आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांत इतके रुळलेले आहेत की ते कोणाला लाभ वाटतच नाहीत. त्याहून जड प्रकरण कर्जाचे आहे. दहा टक्के किंवा अधिक मताधिकार असलेल्या भागधारकाला अशा कंपनीने दिलेली उचल, तिच्या साठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत, कलम २(२२)(ई) खाली लाभांश मानली जाते. आपला हिस्सा नेमका दहा टक्के आहे, म्हणजे आपण या रेषेच्या आत आहात. कंपनीच्या खातेवहीत आपल्या नावे येणे रक्कम दिसते का, हे हिशेबनीसांना आवर्जून विचारा.

ऐरोलीकर

दोघांचेही आभार. वीजबिल यजमानांच्या खात्यातून जाते आणि माझ्या नावावर उचल नाही, हे मी खातेउतारा पाहून निश्चित केले. परताव्यासाठी आयटीआर-२ भरेन. आणखी एक शंका आहे. पुढील वर्षापासून मला दरमहा ३०,००० रुपये मानधन द्यावे, म्हणजे कंपनीचा खर्च वाढेल आणि माझे उत्पन्न ४ लाखांच्या आतच राहील, असे घरात चालले आहे. ते योग्य होईल का?

उत्तर ३ – वागळे इस्टेट, ठाणे

वर्षाचे ३,६०,००० आणि व्याजाचे १,६२,००० मिळून बेरीज ४ लाखांच्या वर जाते; पगार म्हणून दिल्यास प्रमाणित वजावट मिळेल, तरीही विवरणपत्राची सक्ती लागू होईल. खरी अडचण पुढे आहे. ज्या कंपनीत पतीचा २० टक्के किंवा अधिक मताधिकार आहे, तिथून पत्नीला मिळालेला पगार किंवा मानधन पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. अपवाद एकच: पत्नीकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता हवी आणि ती रक्कम केवळ त्या ज्ञानाच्या व अनुभवाच्या बळावर मिळालेली हवी. नुसत्या सहीसाठी ३०,००० दिल्यास ते यजमानांच्या दराने करपात्र होतील. आपल्या ठेवी वारशाच्या पैशातून झाल्या आहेत म्हणून व्याज आपले राहिले. त्याच ठेवी यजमानांनी भेट दिलेल्या पैशातून असत्या तर व्याजही त्यांच्याच खात्यात मोजले गेले असते. आपण कंपनीत खरोखर काम पाहणार असाल तर आधी कामाचे स्वरूप ठरावात लिहून घ्या आणि आपली पात्रता त्या कामाशी जुळते का, हे पाहून मगच रक्कम ठरवा.