अनुभव धागा: वेगवान रेल्वेने तुमची किती मिनिटं वाचली, आणि बिल कुणी भरलं?

धागा उघडताना (पुणे)

अकरा वर्षं मी पुणे-मुंबई पासवाला होतो. अंतर १९२ किलोमीटर. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली आणि आजही हा प्रवास तीन तासांच्या वरच आहे, कारण बोरघाट तोच आणि ३७ फुटांमागे एक फूट हा चढही तोच. मुंबईहून येताना बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर, म्हणजे चढावर ढकलणारी जादा इंजिनं, लागतात. तेवढ्यात फलाटावर वडा खाऊन होतो. माझ्या हिशेबात ती मिनिटं वाया गेलेली नाहीत, पण बायकोच्या हिशेबात आहेत.

परवा घरी वाद झाला. मुलगा म्हणाला, ताशी ३२० च्या गाड्या हव्यात. माझे मोठे भाऊ म्हणाले, आधी आहेत त्या वेळेवर सोडा. दोघेही आवाज चढवून बोलत होते आणि दोघांकडेही स्वतःचा असा एकही आकडा नव्हता. म्हणून हा धागा. एखादी नवी गाडी, दुसरी लाइन किंवा नवा मार्ग आल्यावर तुमच्या दिवसात नक्की काय बदललं? तुमच्या खिशातून, शेतातून, झोपेतून काय गेलं? पक्ष आणि पुढारी नकोत. ज्यांची सुरुवात ‘माझ्या मते देशाने...’ अशी होणार असेल त्यांनी वेगळा धागा काढावा ही विनंती.

डोंबिवली, मूळ गाव कणकवली तालुका

आमच्याकडे वेगाची सुरुवात वंदे भारतने झाली नाही. ती १९९८ साली झाली. त्याआधी परळहून रात्रीची एसटी. कशेडी घाट, परशुराम घाट, आईच्या मांडीवर माझं डोकं आणि माझ्या मांडीवर फणसाची पिशवी. बारा-चौदा तासांनी उतरलं की पहिला अर्धा दिवस अंग धरायचं. रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटरची लाइन २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाली आणि बाबा पहिल्यांदा गाडीतून उतरून थेट शेतावर गेले. तो बदल माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा. तेव्हाची गाडी काही ताशी ३०० ने धावत नव्हती.

२०२३ च्या जूनमध्ये वंदे भारत आली. पावसाळा सोडला तर पहाटे साडेपाचच्या आत सीएसएमटीहून सुटते आणि अकराच्या सुमारास कणकवली. मी ठाण्याला चढतो. गेल्या वर्षी काकांचं अचानक झालं, तेव्हा या गाडीमुळेच मी वेळेवर पोचलो. त्या दिवशी दुप्पट भाडं असतं तरी दिलं असतं.

पण दुसरी बाजूही मीच बघितली आहे, त्याच वर्षी, गणपतीत. सोबत बायको, दोन मुलं, सासूबाई आणि सामान. वंदे भारतचं पाच जणांचं भाडं परवडेना, म्हणून साध्या गाडीने निघालो. लाइन बरीचशी एकेरी. क्रॉसिंगसाठी एका लहानशा स्टेशनात उभे. समोरून एक गेली, मागून एक पुढे गेली, मग पुन्हा समोरून एक. सासूबाई म्हणाल्या, “सगळ्यांका घाई आसा, आमकाच काय ती नाय.” पावसाळी वेळापत्रकात तर वंदे भारतही एरवीपेक्षा दोन तासांहून जास्त वेळ खाते. दरडी कोसळणारा मुलूख आहे, वेग कमी ठेवलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. तिकीट मात्र पूर्ण वेगाचंच घेतात.

मला विचाराल तर दुहेरी लाइन. रोहा ते वीर झाली, पुढचं कधी होईल ते होवो.

निवृत्त, गाड्या चालवणाऱ्या खात्यात ३४ वर्षं (विभाग सांगत नाही)

कणकवलीकरांच्या सासूबाईंचं वाक्य आमच्या कंट्रोल रूममध्ये लावायला हवं होतं. थोडा हिशेब सांगतो.

साठ किलोमीटरचा सेक्शन धरा. मालगाडी सरासरी ६० ने गेली तर तिला एक तास लागतो. १२० ने जाणारी गाडी तोच सेक्शन अर्ध्या तासात संपवते. म्हणजे मालगाडी सुटल्यावर निदान अर्धा तास मागून जलद गाडी सोडता येत नाही. सोडायचीच असेल तर मालगाडी मध्ये कुठेतरी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घ्यावी लागते. लूपला घेतलेली जड गाडी थांबवायची, उभी ठेवायची, पुन्हा वेगात आणायची, यात अजून वेळ जातो. सगळ्या गाड्या सारख्या वेगाने धावल्या तर त्याच रुळावर कितीतरी जास्त गाड्या बसतात. एका जलद गाडीचा पाथ (वेळापत्रकातली मोकळी वाट) काढायला कधी दोन, कधी तीन गाड्या बाजूला कराव्या लागतात. लोकांना जलद गाडी दिसते. बाजूला केलेल्या गाड्या कुणी मोजत नाही. आणि कमाई मालगाडीची असते हे विसरू नका. प्रवासी वाहतुकीचा तोटा तीच भरून काढते.

दुसरा हिशेब. ११० ने १०० किलोमीटर जायला साडेचोपन्न मिनिटं लागतात, १३० ने शेहेचाळीस. म्हणजे शंभर किलोमीटरला आठ-साडेआठ मिनिटांची बचत. त्यासाठी रूळ, वळणं, सिग्नल, फाटकं, कुंपण, सगळ्यावर खर्च. एका क्रॉसिंगला गाडी वीस मिनिटं उभी राहिली की ती सगळी बचत गेली, वर तोटा. म्हणून मी नोकरीत असताना कुणी वेग वाढवण्याची फाइल आणली की मी विचारायचो, थांबणं किती कमी करताय ते आधी सांगा.

आता माझ्याच विरुद्ध बोलतो. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला मी बरीच वर्षं नाकं मुरडली. ५०८ किलोमीटर, मंजुरीच्या वेळचा अंदाज एक लाख आठ हजार कोटी, त्यातले ८१ टक्के जपानी कर्ज, व्याज ०.१ टक्का, फेड ५० वर्षांत आणि पहिली १५ वर्षं हप्ता नाही. कर्ज स्वस्त आहे, पण येनमध्ये आहे. येन वधारला की स्वस्ताई तेवढी पातळ. हे सगळं खरं. तरीही वेगळी लाइन म्हणजे वेगळी लाइन. जुन्या रुळावरच्या जलद गाड्यांतल्या काही तिकडे गेल्या, तर जुनी लाइन लोकल आणि मालासाठी मोकळी होते. त्या मोकळ्या पाथांत नंतर कोण काय भरतं, यावर हिशेब ठरेल. तिकडे लक्ष ठेवा.

बीड

तुम्ही लोक मिनिटं मोजायलात, आम्ही पिढ्या मोजल्या. अहिल्यानगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर, मंजुरी नव्वदच्या दशकातली. १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडपर्यंत गाडी आली. आजोबा गेले, वडील स्टेशनवर गेले होते बघायला. गाडी चालली हळूच, पण वडिलांनी घड्याळ बघितलं नाही. परळीपर्यंतचं राहिलंय.

ताकासाकी, जपान (माहेर सांगली)

कर्जतच्या वड्याचा उल्लेख वाचून लिहायला बसले.

आमच्या गावापासून तीस किलोमीटरवर योकोकावा नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथून पुढे कारुइझावापर्यंत उसुई खिंडीचा चढ, पंधराला एक. बोरघाटाच्या दुपटीहून जास्त. प्रत्येक गाडीला योकोकावात जादा इंजिनं जोडायला लागायची, आणि तेवढ्या वेळात लोक उतरून मातीच्या मडक्यातला भात विकत घ्यायचे. १९५८ पासून ते मडकं जपानभर प्रसिद्ध आहे. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये नागानोपर्यंत शिन्कान्सेन, म्हणजे इथली बुलेट ट्रेन, सुरू झाली आणि त्याच वेळी योकोकावा ते कारुइझावा हा जुना मार्ग बंद झाला. आज योकोकावा हे शेवटचं स्टेशन आहे, पुढे बस. कारुइझावाला मात्र टोकियो जेमतेम सव्वा तासावर आलं आणि तिथे जमिनी, हॉटेलं, दुकानं यांची चलती आहे. एकाच डोंगराच्या दोन बाजू. मडक्यातला भात अजून मिळतो, पण बहुतेक गिऱ्हाइकं मोटारीने येतात.

माझ्या नवऱ्याचं ऑफिस टोकियोत. सव्वाशेच्या आत किलोमीटर, शिन्कान्सेनने पाऊण-एक तास. पास कंपनी भरते. इथे महिन्याला दीड लाख येनपर्यंतच्या प्रवासभत्त्यावर कर नाही, त्यामुळे लांबून रोज येणारे बरेच आहेत. टोकियोत या पगारात आम्हाला दोन खोल्या मिळाल्या असत्या. इथे अंगण आहे, त्यात मी मेथी लावते. म्हणजे आमच्या घराचा काही भाग करदात्यांनी बांधला म्हणायचा. ज्याची कंपनी पास देत नाही, तो साध्या गाडीने जवळजवळ दोन तास जातो. शेजारच्या बाई तशाच जातात.

इथे सगळं हिशेबात झालं असा आपल्याकडे समज आहे. पहिली लाइन, टोकियो-ओसाका, १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झाली, तेव्हा खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीवर गेलेला होता, ३८० अब्ज येनच्या आसपास. ती लाइन ज्यांनी रेटून नेली ते रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो आणि मुख्य अभियंता हिदेओ शिमा, दोघंही उद्घाटनाच्या आधीच्या वर्षी पायउतार झाले होते. जागतिक बँकेचं आठ कोटी डॉलरचं कर्जही होतं. आणि वरच्या निवृत्त काकांचा मुद्दा इथेही खरा आहे. ती लाइन बांधली कारण जुन्या मार्गावर आणखी गाड्या मावत नव्हत्या. वेग हे त्याबरोबर आलेलं.

अजून एक. पूर्वी ओसाकाला कामाला गेलेला माणूस मुक्काम करून यायचा. आता अडीच तासांच्या आत पोचता येतं, त्यामुळे साहेब संध्याकाळी परत बोलावतो. वाचलेला वेळ नवऱ्याला मिळाला असं मला तरी दिसलेलं नाही.

डहाणू तालुका

आमच्या चिकूच्या वाडीतला एक तुकडा बुलेट ट्रेनमध्ये गेला. सातबाऱ्यावर अकरा नावं. मोजणीला आलेल्यांनी झाडं मोजली, वयं विचारली. आजीने लावलेल्या झाडाचं वय कुणाला माहीत? शेवटी आत्याने सांगितलं, “माझ्या लग्नाच्या आधीचं.” आत्याचं लग्न कधी, यावरून दोन काकांत जुंपली.

मोबदला वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. मिळाला, पण एकाच दिवशी अकरा ठिकाणी गेला. एका काकाने गाडी घेतली, एकाने मुलीचं लग्न केलं, आम्ही बँकेत ठेवला आणि व्याजावर घराचं छप्पर केलं. जमिनीला जमीन घ्यायला निघालो तेव्हा कळलं की आसपासच्या सगळ्यांकडे एकाच वेळी पैसे आलेत आणि भाव चढलेत. चिकू वर्षभर थोडे थोडे पैसे देतो. एकरकमी पैशाची आम्हाला सवय नव्हती.

सगळ्यात जास्त दुखलं ते आत्याचं. तिचा हिस्सा मिळाल्यावर ती माहेरी यायची कमी झाली. भांडण नाही, काही नाही. पण आता वाडीत तिचं काही उरलं नाही असं तिला वाटतं.

बोईसरला स्टेशन होणार आहे. मी रोज लोकलने विरारपर्यंत जातो. डहाणूपर्यंत लोकल २०१३ ला आली, त्याने आमच्या गावातल्या तीस-चाळीस मुलांना नोकऱ्या धरता आल्या. बुलेटने किती जातील ते तिकीट कळल्यावर सांगेन.

पुणे, आई नाशिकला

पुणे-नाशिक सरळ रेल्वे नाही, हे परराज्यातल्या लोकांना खरं वाटत नाही. चाकण, नारायणगाव, संगमनेर करत पाच-सहा तास, आणि चाकणला किती हे नशीब. मुलीला गाडी लागते म्हणून मी पिशव्या डझनाने ठेवते.

२३५ किलोमीटरची, ताशी २०० ची लाइन ठरली होती, खर्च सोळा हजार कोटींच्या घरात. मी आईला सांगूनही टाकलं होतं. मग खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा प्रश्न आला. आधी मला राग आला. नंतर मुलीच्या शाळेबरोबर तिथे गेले. पंचेचाळीस मीटरच्या तबकड्या, आकाशातून येणारी इतकी क्षीण लहर पकडतात की आमचे मोबाइल आधी बंद करायला लावले. विजेची रेल्वे शेजारून गेली तर त्यांना फक्त खरखर ऐकू येईल. मार्ग वळवायला हवा हे पटलं. शिर्डीवरून वळवायचं म्हणतात, म्हणजे अंतर वाढणार. चालेल. पण आई ७४ वर्षांची आहे आणि माझा हिशेब त्या आकड्यापासून सुरू होतो.

दिवा (भाड्याने)

ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन. २००८ चं काम, २०२२ च्या फेब्रुवारीत पूर्ण, सहाशे-सव्वासहाशे कोटी. बुलेटच्या खर्चात हे नाणं हरवलं तर कुणी शोधणारही नाही. मेलगाड्या वेगळ्या रुळावर गेल्यावर माझी लोकल मुंब्र्याच्या अलीकडे उभी राहायची ती बरीच कमी झाली. दिवसाला सरासरी सात मिनिटं, मी दोन महिने वहीत लिहून काढलंय. सात मिनिटं म्हणजे मुलाला शाळेच्या रिक्षात मी बसवतो, बायको नाही.

बुलेटचं ठाणे स्टेशन ठाण्यात नाही, आमच्या दिव्याला लागून म्हातार्डीला आहे. गच्चीवरून काम दिसतं. मुलगा रोज क्रेन मोजतो. घरमालकही मोजतो बहुतेक, कारण गाडी यायच्या आधी भाडं दोनदा वाढलं. करार ऑक्टोबरात संपतोय. तळोजा किंवा कल्याण फाट्याकडे रास्त भाड्यात वन बीएचके कुणाच्या बघण्यात असेल तर कळवा. पाणी येत असेल तरच.