जावा: फील्डला किंमत दिलीय, तरी लेबलावर 'नल' का?

देवगडचा_बागायतदार
घरच्या आंबा पेट्यांचा हिशेब जावात लिहितोय. 'पेटी' मूळ क्लास (ऑब्जेक्टचा साचा), 'निर्यातपेटी' त्याचा सबक्लास (त्यावरून काढलेला साचा). पेटीचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना चालणारा भाग) लेबल() बोलावून मजकूर बनवून ठेवतो. निर्यातपेटीत मी लेबल() ओव्हरराइड केलंय, म्हणजे स्वतःचं वेगळं लिहिलंय, आणि वरच गाव = "देवगड", डझन = ४ ही फील्डं लिहिलीत. छापलं की येतं 'नल (म्हणजे काहीच नाही), ० डझन'. गंमत म्हणजे दोन्हींना फायनल (एकदा दिलेली किंमत बदलायची नाही) लावलं की बरोबर येतं. लावून मोकळा होऊ का? काका पेट्या भरायला बसलेत.

मालवणी_कंपायलर
होऊ नको रे बाबू. न्यू म्हटलं की जावा आधी जागा घेते आणि सगळी फील्डं ०, नल, फॉल्स अशी कोरी ठेवते. मग सुपर(), म्हणजे पेटीचा कन्स्ट्रक्टर, अख्खा चालतो. तुझं "देवगड" त्यानंतर बसतं. पण ऑब्जेक्ट पहिल्यापासून निर्यातपेटीचाच, म्हणून पेटीने बोलावलं तरी लेबल() तुझंच धावतं, कोऱ्या फील्डांवर.

फायनलमुळे हा क्रम बदलत नाही. "देवगड" आणि ४ कंपाइल करतानाच ठरलेल्या किमती, म्हणून कंपायलर त्या वापराच्या जागी थेट चिकटवतो. फील्ड वाचलंच जात नाही. उद्या गावाचं नाव फाइलमधून घेतलंस की फायनल असूनही पुन्हा नल, आणि तेव्हा ऐन सीझनला डोकं धरून बसशील.

लेबल कन्स्ट्रक्टरमध्ये बनवूच नको. छापताना बनव. एका ओळीच्या मजकुराची साठवण ती कसली?

वेंगुर्लेकर_शार्प
सी शार्पमध्ये हेच चाललं असतं. तिथे सबक्लासच्या फील्डांच्या किमती मूळ कन्स्ट्रक्टरच्या आधी बसतात.

मालवणी_कंपायलर
फील्डाशेजारी लिहिलेल्या बसतात. सबक्लासच्या कन्स्ट्रक्टरच्या आत दिलेल्या तिथेही नंतरच. सी प्लस प्लसची तऱ्हा आणखी वेगळी: पेटीचा कन्स्ट्रक्टर चालू असेपर्यंत पेटीचंच लेबल() धावतं, व्हर्च्युअल, म्हणजे सबक्लासला ओव्हरराइड करता येणारं, असलं तरी.

देवगडचा_बागायतदार
दादा, जावा २५ मध्ये सुपर()च्या आधी लिहिता येतं म्हणे?

मालवणी_कंपायलर
येतं. पण तिथे स्वतःच्या अशाच फील्डला किंमत देता येते, ज्याला जाहीर करताना ती दिलेली नाही. म्हणजे तुझं = "देवगड" वरून काढून कन्स्ट्रक्टरमध्ये न्यायचं. तुझ्याकडे कुठली आहे?

देवगडचा_बागायतदार
१७. राहू दे, लेबल() छपाईत हलवलं. 'देवगड, ४ डझन' आलं. काका म्हणतात, अक्षर मोठं कर.