लिस्बनहून एक दिवस फक्त खायला (घरच्या ग्रुपवरून)

विनूकाका: लिस्बनला पाच दिवस आहोत. सोनूने यादी धाडलीय, सगळे राजवाडे! मला एक दिवस निव्वळ खायला जायचंय. ताई, बोल.

सोनू: काका, सिंत्रा! ट्रेनने पाऊण तास. बदामाचं सारण भरलेली उशीसारखी पेस्ट्री मिळते, त्राव्हेसैरू.

ताई (लिस्बन): सिंत्रा छानच, पण जूनमध्ये रांगच रांग. खायलाच जायचं तर सेतुबल. एन्त्रेकाम्पुशहून ट्रेन, तासाभराचा रस्ता. १९६६ च्या पुलावरून जाते, वर मोटारी आणि खाली आपण. खिडकी पकडा.

विनूकाका: पूल कळला. ताटात काय?

ताई: शोकू फ्रितू. आपलं माकूलच, पण जाडजूड जातीचं. लसूण, लिंबू, तमालपत्रात मुरवतात, पिठात घोळवून तळतात. सोबत तळलेला बटाटा. आतून लुसलुशीत हवं. वातड लागलं तर हॉटेल चुकलं समजा.

बाबा: बटाटा शब्द पोर्तुगीजांचाच. पाव, काजू, कोबी, चावी, पगारसुद्धा.

विनूकाका: पगार त्यांनी दिला, आता तिथेच उडवून येतो 😄

शमाकाकू: आणि मी? मासे नाही, अंडं नाही.

ताई: काकू, खरं सांगते, तिथली गोडं जवळजवळ सगळी बलकाची. पूर्वी मठांत पांढरं कपड्यांच्या खळीला जायचं नि बलक उरायचा, त्यातून हे प्रकार निघाले असं सांगतात. लिस्बनच्या बेलें भागातली १८३७ पासूनची प्रसिद्ध पास्तेल, म्हणजे कस्टर्ड भरलेली छोटी पेस्ट्री, तीही त्यातलीच. कोबीच्या पानांचं हिरवं सूप शाकाहारी दिसतं, पण वर सॉसेजची चकती तरंगते. कधी ती आतच उकळलेली असते, म्हणून मागवण्याआधी विचार.

शमाकाकू: म्हणजे पाणी पिऊन यायचं.

ताई: ऐक तर! सेतुबलजवळ अझैतांव गाव आहे. तिथलं चीज मेंढीच्या दुधाचं, आणि ते लावायला वासराच्या पोटातलं काही वापरत नाहीत. एका काटेरी झाडाचे जांभळे तुरे भिजवून त्याचं पाणी घालतात. वरची साल झाकणासारखी कापायची नि आतलं चमच्याने खायचं. खारट, किंचित कडवट.

आई: मेंढीचं? वास येत असेल गं.

ताई: येतो. पहिल्या घासापुरता.

विनूकाका: तिथेच ती गोड वाइन ना?

ताई: हो, मोस्कातेल. लोक जेवणानंतर बोटभर घेतात. तुमचं तुम्ही बघा.

दादा: एक सांगून ठेवतो. मागच्या वर्षी आम्ही बसताक्षणी पाव, ऑलिव्ह, चीज समोर आलं. पाहुणचार समजून फस्त केलं. बिलात एकेकाचे पैसे!

ताई: त्याला कोव्हेर्त म्हणतात. नको असेल तर हात न लावता परत पाठवायचं, पैसे लागत नाहीत. आणि सोमवारी जाऊ नका, सेतुबलचा मासळीबाजार बंद असतो. एरवी सकाळी लवकर गाठा. मागे निळ्या टाइल्सची अख्खी भिंत, नि गाळ्यांमध्ये माणसाएवढे विक्रेत्यांचे पुतळे. मी एकदा पुतळ्यालाच भाव विचारणार होते.

शमाकाकू: मग मंगळवार. मी दशम्या घेऊन येते. त्या चीजबरोबर लागतील ना?

ताई: आण. दोन माझ्यासाठी जास्त.