‘जड धनुष्य’ म्हणजे किती किलोचे?

अनुवादिका : यू या सूचिपर्णी वृक्षाच्या एका गाठाळ, पीळ पडलेल्या फाळक्यातून जुन्या इंग्रजी पद्धतीचे युद्धधनुष्य घडवण्याविषयीचा लेख मी मराठीत आणते आहे. त्यात मी ‘जड धनुष्य’ असे लिहिले, तर मसुदा वाचणाऱ्या स्नेह्यांनी समासात विचारले, ‘किती किलो?’ शंका रास्त आहे, कारण असे धनुष्य तराजूत किलोभराच्या आसपासच भरते. जड असते ती त्याची ओढ, म्हणजे दोरी पूर्ण मागे खेचायला लागणारा जोर. १५४५ मध्ये बुडालेल्या आणि १९८२ मध्ये वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या जहाजावरील धनुष्यांची ओढ १०० ते १८५ पौंड असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. या जडपणाला मराठीत काय म्हणावे?

रंधा : ‘कडक’ म्हणावे. स्प्रिंग कडक असते, तसेच धनुष्य. ‘फाळका’ मात्र छान योजला आहे. ‘काठी’ म्हटले असते तर ओंडका पाचर मारून उभा फोडला आहे, हे कळलेच नसते. आमचे वडील सुतारकाम करत. लाकूड तासताना गाठ आली की म्हणत, ‘तिला वळसा घाल, तिच्यावर चढू नकोस.’

अनुवादिका : लेखातला कारागीर अगदी हेच करतो. गाठीभोवती तो थोडे लाकूड जास्त ठेवतो, कारण तेथील लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची ओळ, तुटली तर धनुष्य तेथूनच मोडते. धनुष्याच्या पाठीला, म्हणजे बाहेरच्या बाजूला, सालीलगतचे पांढरे रसकाष्ठ ताण सोसते आणि पोटाला, म्हणजे धनुर्धराकडच्या बाजूला, गाभ्याचे तांबूस लाकूड म्हणजे नार दाब सोसते, म्हणून दोन्ही एकाच फाळक्यात असावी लागतात.

शब्दनिष्ठ : ‘कडक’ हे विशेषण चहाला आणि इस्त्रीला शोभते. संस्कृतात वाकवण्यास कठीण अशा धनुष्यासाठी ‘दुरानम’ हा नेमका शब्द तयार असताना आपण स्प्रिंगच्या दारी का जावे?

रंधा : ‘दुरानम’ वाचून धनुष्याआधी वाचकच वाकेल.

पोथीवाचक : मुळात हा घोळ आपल्या वाक्प्रचारानेच घातला आहे. आपण ‘शिवधनुष्य उचलणे’ म्हणतो आणि परीक्षा जणू वजनाचीच होती असे समजतो. वाल्मीकींच्या कथेत ते धनुष्य आठ चाकांच्या लोखंडी पेटीतून ओढत आणावे लागते, तेव्हा वजन होतेच. पण रामाने ते उचलून दोरी चढवली आणि ओढताना ते मधोमध मोडले. खरी कसोटी दोरी चढवण्याची आणि ओढण्याची होती. दोरी चढवलेले धनुष्य ते ‘सज्य’, आणि आपला ‘सज्ज’ त्यातूनच आला, असे माझे ठाम मत आहे.

शब्दनिष्ठ : मत ठाम असले तरी व्युत्पत्ती ठाम होत नाही. ‘सज्य’ हा ‘ज्या’ म्हणजे दोरीवरून आला हे खरे, पण केवळ उच्चार जवळचे आहेत म्हणून ‘सज्ज’शी त्याची सोयरीक जुळवू नये.

अनुवादिका : ‘न पेलणारे धनुष्य’ चालेल का? शिवधनुष्य आपण पेलतोही.

रंधा : पेलणे वजनाचे असते, त्यामुळे पुन्हा किलोच विचारतील. ‘दीडशे पौंड ओढीचे’ लिहून मोकळ्या व्हा.

अनुवादिका : ते एकदा ठीक आहे, पण लेखात तो शब्द वीसदा येतो. आणखी एक अडचण आहे. पोटाकडून थोडे तासायचे, दोरी थोडी ओढून वाक न्याहाळायचा, ताठ राहिलेल्या जागी पुन्हा तासायचे, या आठवडेभराच्या कामाला मी ‘बाक काढणे’ म्हटले आहे.

पोथीवाचक : तुळईने बाक धरला की आपण तो काढतो, म्हणजे ती सरळ करतो. अर्थ नेमका उलटा होईल. ‘बाक बसवणे’ पाहा. एरवी ‘धनुष्य’ तरी कशाला? ‘कमठा’ लिहा, बांबूच्या कामटीपासून करतात म्हणून कमठा.

शब्दनिष्ठ : कामटीत ‘ट’ आणि कमठ्यात ‘ठ’, हे कसे जमवता? संस्कृत कोशांत ‘कमठ’चा बांबू असाही अर्थ दिला आहे, तिकडे पाहा.

रंधा : लहानपणी आम्ही तिरकमठा कामटीचाच करायचो, तेव्हा ‘ट’ आणि ‘ठ’ दोन्ही एकाच दोरीने बांधलेले असत. कमठ म्हणजे कासव ना?