रिनेम वेगळ्या कमिटमध्ये टाकून भागत नाही
काहीजण म्हणतात की गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर) फाईलचं नाव बदलायला गिट एमव्ही (git mv) ही कमांड वापरली आणि ते रिनेम वेगळ्या कमिटमध्ये (बदलांची एक नोंद) टाकलं की गिटच्या लक्षात राहतं, तसं नाहीये हो. गिट रिनेम कुठेच साठवत नाही, मर्ज करताना (दोन ब्रँचमधले बदल एकत्र करताना) फायली ताडून बघतं आणि साधारण ५०% मजकूर जुळला तरच तीच फाईल धरतं, नाहीतर मॉडिफाय/डिलीटवाला कॉन्फ्लिक्ट (एकीकडे फाईल बदललेली, दुसरीकडे उडवलेली) तोंडावर मारतं. वेगळी कमिट करूनही सगळं एकदम मर्ज केलं तर फरक पडत नाही कारण मर्ज फक्त बेस (दोन्ही ब्रँचचा आधीचा सामाईक टप्पा) आणि दोन टोकं (त्यांच्या शेवटच्या कमिट) बघतं, मधलं काही नाही. त्यापेक्षा आधी नुसती रिनेमवाली कमिट मर्ज करून घ्या, मग बाकीच्या. ते जमत नसेल तर मर्ज अबॉर्ट करून फाइंड-रिनेम्स (किती टक्के मजकूर जुळावा ते ठरवणारा पर्याय) ४०% वर आणून परत चालवा. फार खाली मात्र नेऊ नका, वर तोच लायसन्सचा हेडर असलेल्या छोट्या फायली उगाच एकमेकींच्या गळ्यात पडतात.