सल्ला हवा: स्टॅलियन बारवर टोचन करून न्यायचा आहे, बार कितीचा लागेल?

चाकंचार:
लष्कराच्या लिलावातला स्टॅलियन ४×४ (अशोक लेलँडचा लष्करी ट्रक) दुसऱ्या ट्रकमागे लोखंडी बारने ओढत खडकीहून साताऱ्याला न्यायचा आहे. वजनकाट्यावर ६,८५० किलो भरला. इंजिन बंद, गिअरबॉक्स ठीक, स्टिअरिंग मोकळं फिरतं. ब्रेक हवेचे आहेत, पण टाकीत हवा नाही. ओढायला रिकामा सहाचाकी ट्रक मिळतोय, वजन ४ टन. फॅब्रिकेटर ५० एनबीच्या (एनबी म्हणजे पाइपच्या आतल्या व्यासाचं ढोबळ माप, मिमीत) पाइपचा ३ मीटर सरळ बार करून देतो म्हणतो, दोन्ही टोकांना डोळे, म्हणजे पिन किंवा हुक अडकवायची भोकं. त्याच्या हिशेबाने तो दहा टन सहज ओढेल. चारही चाकं जमिनीवर ठेवूनच न्यायचा विचार आहे. बार पुरेल का? आणखी काय बघू?

पोलादी:
ओढण्याचा हिशेब त्याने बरोबर केलाय. पण बार ओढताना मोडत नाही, मागची गाडी अंगावर येते तेव्हा मोडतो. म्हणून हिशेब ब्रेकचा करायचा.

ओढायला लागतं किती? डांबरी सपाटीवर वजनाच्या एक-दीड टक्का, म्हणजे तुमच्या गाडीला ७० ते १०० किलो. दहात एक चढ असेल तर त्यात ६८५ किलो मिळवा. पाऊण-एक टनात काम झालं. आता पुढच्या गाडीने कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला आणि मागच्या गाडीला ब्रेकच नाही, असं धरा. पुढची गाडी जितकी जड, तितका बारवरचा दाब जास्त. तो वाढत वाढत मागच्या वजनाच्या ०.६ पट, म्हणजे ४ टनांपर्यंत जातो. पिन सैल असल्या तर त्यावर हिसका वेगळा. सुरुवात ४ टन दाबापासून करा.

५० एनबी मीडियम पाइप बाहेरून ६०.३ मिमी, जाडी ३.६. तीन मीटर लांबीला, दोन्ही टोकं पिनवर आणि दाब अगदी मधोमध असेल तर ती ५.८ टनांना बाक खाते. कागदावर पास. प्रत्यक्षात दाब मधोमध कधीच नसतो. डोळा पाइपच्या मध्यरेषेपासून ५० मिमी खाली वेल्ड केलेला असतो, किंवा दोन्ही गाड्यांच्या हुकांची उंची जमत नाही म्हणून बार मध्ये वाकवलेला असतो. ५० मिमीच्या त्या फरकाने ४ टनांना धातूत सरळ दाबाचा ताण ६२ आणि वाकण्याचा २३३, मिळून २९५ न्यूटन प्रति चौरस मिमी येतो. साधं नळीचं पोलाद २४० ला कायमचं वाकतं. शिवाय पाइप वाकायला लागली की तो ५० मिमीचा फरक आपोआप वाढत जातो, म्हणजे खरा आकडा याहून बराच वाईट.

८० एनबी हेवी घ्या: बाहेरून ८८.९, जाडी ४.८. तीच लांबी, तोच फरक, तेच ४ टन, आणि तो वाढत जाणारा बाक धरूनही ताण १२५ च्या आसपास. वजन मीटरला १० किलो. पाण्याची गॅल्व्हनाइज्ड पाइप अजिबात नको. जस्तामुळे वेल्ड सच्छिद्र होतो आणि धूर विषारी. आयएस ११६१ ची वायएसटी २४० प्रतीची काळी पाइप मागा आणि तिचं प्रमाणपत्र बघा.

चाकंचार:
हे कोणी सांगितलंच नव्हतं. मग ८० एनबीचा सरळ बार करून घेऊ ना?

डोळा_पिन:
सरळ नको. ए-फ्रेम करा, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराचा दोन पायांचा बार.

सरळ बारला दोन्ही टोकांना एकेकच सांधा. गाड्या एका रेषेत आहेत तोवर ठीक. वळणावर बार १५ अंश तिरका असताना ४ टनांचा दाब आला, तर त्यातला एक टन पुढच्या ट्रकच्या शेपटीला आडवा ढकलतो. रिकाम्या ट्रकची मागची चाकं तेवढ्याने सहज घसरतात आणि दोन्ही गाड्या कात्रीसारख्या मिटतात. मागच्या गाडीला एका रेषेत ठेवणारं स्टिअरिंगवरच्या माणसाशिवाय काहीच नसतं, आणि इंजिन बंद असताना पॉवर स्टिअरिंग दगडासारखं जड लागतं.

ए-फ्रेमचे दोन पाय मागच्या गाडीच्या चेसिसच्या दोन्ही बाजूंना आणि शेंडा पुढच्या ट्रकच्या हुकात. फ्रेम त्या गाडीशी डावी-उजवी हलत नाही, त्यामुळे ती ट्रेलरसारखी मागे येते आणि पुढची चाकं आपली आपण वळतात. बनवताना हे बघा:

पाय चेसिसच्या पुढच्या टो-शॅकलच्या (ओढायच्या यू-आकाराच्या कडीच्या) कानांना जोडा. बंपरला नाही, आणि विमानातून किंवा रेल्वेवर गाडी बांधायच्या कड्यांनाही नाही. कानाभोवतीचा रंग खरवडून तडा आहे का बघा. लिलावातल्या गाडीला कुठे कुठे हिसके बसलेत ते कुणालाच माहीत नसतं.

पायांच्या पिना आडव्या, म्हणजे फ्रेम वर-खाली मोकळी हलेल. इथे घट्ट वेल्ड केलं तर पहिल्याच गतिरोधकावर कान फाटतो.

पिन दोन पट्ट्यांच्या मध्ये, दोन्ही बाजूंनी धरलेली हवी. एका बाजूने लोंबकळणारी पिन कापली जायच्या आधी वाकते, मग निघतच नाही. २५ मिमीची चांगल्या पोलादाची पिन, भोक २६ चं. ३० च्या भोकात २५ ची पिन टाकली तर प्रत्येक ब्रेकला हातोडा बसतो. दुसऱ्या टोकाला लिंच पिन, म्हणजे मोठी पिन निसटू न देणारी चापाची खीळ. खिळा किंवा तार चालणार नाही.

लष्करी पिंटल हुकात (ट्रेलर अडकवायच्या, वरून मिटणाऱ्या हुकात) जाणाऱ्या डोळ्याचं आतलं माप ७६ मिमी असतं. तुमचा ट्रक साधा असेल तर त्याच्या मागे असा हुक नसणारच. मागच्या क्रॉस मेंबरला (चेसिसच्या आडव्या पट्टीला) नुसता हुक बोल्ट करू नका, आतून १२ मिमी प्लेट देऊन दोन्ही चेसिस पट्ट्यांना बांधा.

डोळ्याची प्लेट पाइपच्या टोकाला चिकटवायची नाही. पाइपला खाच पाडून प्लेट किमान १५० मिमी आत घाला आणि चारही कडांना वेल्ड करा. तडा नेहमी वेल्डच्या शेवटी सुरू होतो, म्हणून डाय पेनेट्रंट टेस्ट (रंगीत द्रव लावून बारीक तडे शोधायची चाचणी) करून घ्या.

लांबी दोन ते अडीच मीटर पुरते. आधी मोकळ्या जागेत पूर्ण वळण घेऊन बंपरचा कोपरा ट्रकच्या शेपटीला लागतो का बघा. बार जोडल्यावर जमिनीला समांतर दिसला पाहिजे, फार तिरका असेल तर ब्रेकला तो पुढच्या ट्रकची शेपटी उचलतो. आणि ए-फ्रेमवर रिव्हर्स घ्यायचा नाही. मागच्या गाडीची पुढची चाकं एकदम लॉकला जातात आणि एकाच पायावर सगळा भार येतो.

पुणेरी_क्लच:
एवढं करण्यापेक्षा जाड वायर रोप किंवा साखळी लावली की झालं. सगळे तसंच नेतात.

डोळा_पिन:
साखळी फक्त ओढते, थांबवत नाही. त्यासाठी मागच्या गाडीचे ब्रेक पूर्ण चांगले हवेत. इथे ते नाहीत. शिवाय सैल पडलेली रोप ताणली जाताना सात टनांच्या गाडीचा हिसका बसतो आणि तुटलेलं टोक काच फोडून आत येतं. साखळी लावायचीच आहे, पण बारच्या जोडीला: ग्रेड ८०, १३ मिमी, कामाचा भार ५.३ टन, दोन नग. बारखाली एकमेकींना छेद देऊन, चेसिसपासून चेसिसपर्यंत. बारला अडकवलेली सेफ्टी चेन बार सुटल्यावर बारबरोबरच जाते. शॅकल २२ मिमीचे, त्यावर ६.५ टन कोरलेलं असतं. काहीच कोरलेलं नसेल तो शॅकल परत करा.

शाफ्ट_उतरवा:
बारइतकंच हे महत्त्वाचं. गिअर न्यूट्रलला टाकून शंभर किमी ओढू नका. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा खालचा शाफ्ट फिरत नाही, तेल उडत नाही, आणि चाकांनी फिरणारा मेन शाफ्ट कोरडा चालतो. ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) न्यूट्रलला टाकली तरी तिच्यातली चाकाकडची बाजू फिरतेच. चारपाच किमीसाठी चालेल. तुमच्या अंतराला पुढचा आणि मागचा, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारे लांब दांडे) उतरवा.

फ्लँजवर आणि स्लिप जॉइंटवर छिन्नीने खूण करा. परत बसवताना दोन्ही टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट एका रेषेत आले नाहीत तर गाडी थरथरते. शाफ्ट पूर्ण काढून बॉडीत ठेवा. एक टोक सोडून तारेने वर बांधलेला शाफ्ट सुटला आणि पुढचं टोक रस्त्यात रुतलं, तर गाडीच उचलली जाते.

एक सापळा आहे. हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागच्या ड्रमवर असेल, तर शाफ्ट काढताक्षणी तो निरुपयोगी होतो. अशा कित्येक लष्करी गाड्या आहेत. पहिला बोल्ट सैल करण्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे.

हवा_८_बार:
आता ब्रेक. चार टनांच्या ट्रकने ६,८५० किलोची बिनब्रेकची गाडी नेल्यावर काय होतं ते बघा. दहात एक उतार, ताशी २५ किमी. कोरड्या रस्त्यावर थांबायला २० मीटर. ताशी ५० ला ८० मीटर. पावसात ताशी २५ लाच ८० मीटरच्या पुढे, कारण टायरची जवळजवळ सगळी पकड उतारालाच पुरते. हे आकडे चाकं लॉक न होता अगदी नेमका ब्रेक मारणाऱ्या ड्रायव्हरचे आहेत, आणि यात त्याला सुचायला लागणारा वेळ धरलेला नाही.

त्यामुळे दोन अटी. ओढणारा ट्रक मागच्या गाडीइतका तरी जड हवा. चार टनांच्या ट्रकमध्ये तीन टन खडी किंवा वाळूची पोती मागच्या चाकांवर भरा. आणि मागच्या गाडीचे ब्रेक चालले पाहिजेत.

तिचे ब्रेक जिवंत करणं फार अवघड नाही. पुढच्या ट्रकच्या हवेच्या टाकीतून लाइन काढा, तिच्यावर प्रेशर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह (दाब ठरावीक पातळीखाली गेला की लाइन आपोआप बंद करणारा) आणि बंद करायचा कॉक बसवा, म्हणजे पाइप तुटला तरी पुढच्या ट्रकची सगळी हवा जाणार नाही; वन-वे व्हॉल्व्ह मागच्या टाकीच्या तोंडाशी लावा, तो मागच्या टाकीतली हवा परत जाऊ देत नाही. ती मागच्या गाडीच्या टाकीला द्या. हवेचा दाब ७-८ बार (बार हे इथे दाबाचं एकक) होईपर्यंत भरू द्या, पेडल दाबून धरा आणि पाच मिनिटं गेजकडे बघा. काटा उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा. डायफ्राम (ब्रेक चेंबरमधला रबरी पडदा) फाटलेला असेल तर बदला.

मागच्या चाकांवर स्प्रिंग ब्रेक असतील तर हवेशिवाय ते लॉकच राहतात. मागचा बोल्ट फिरवून स्प्रिंग आवळता येते, पण मग त्या चाकांना पार्किंग ब्रेक उरत नाही. हवा देता येत असेल तर तेच करा. स्प्रिंग चेंबर उघडायच्या फंदात पडू नका, आतली स्प्रिंग जीव घेऊ शकते.

मागच्या गाडीत लायसन्सवाला ड्रायव्हर हवाच. १९८९ च्या रस्ता नियमांत तेच होतं, शिवाय दोन गाड्यांमध्ये पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी २४ च्या वर नको, आणि मागे पांढऱ्यावर काळ्या ७५ मिमी अक्षरांत ‘ऑन टो’ फलक. आता २०१७ ची नियमावली लागू आहे, निघण्याआधी तिची प्रत वाचून घ्या. ब्रेक लाइट आणि इंडिकेटरची पाटी केबलने मागच्या गाडीवर आणा.

चाकंचार:
दोन्ही शाफ्ट काढतो, हवेची लाइनही करतो. वाटेतल्या खंबाटकी घाटाचं काय करू?

हवा_८_बार:
खंबाटकीसाठी माझा सल्ला लो-बेड ट्रेलरचाच, म्हणजे गाडी वर चढवून नेणाऱ्या बुटक्या ट्रेलरचा. ताशी २५ ने शंभराच्या वर किमी म्हणजे महामार्गावर साडेचार-पाच तास भरधाव गाड्यांच्या मध्ये सरपटणं आलं, आणि त्यात घाट. बारचं पोलाद, हवेची लाइन, दोन ड्रायव्हर आणि वाळू यांचा खर्च धरला तर लो-बेडचं भाडं फार वर जात नाही. लिलावाच्या आवारातून मोकळ्या रस्त्यापर्यंत आणि साताऱ्यात ट्रेलर पोचत नसेल तिथून शेडपर्यंत ए-फ्रेम वापरा. त्यासाठी ती करून ठेवाच.

पोलादी:
सहमत. बारवर घाट उतरायचाच झाला तर लष्करी रिकव्हरीवाले जड गाडीला मागून आणखी एक गाडी लावतात, ती फक्त रोखून धरायला. ४० टनांच्या रणगाड्याला तर त्याशिवाय उतारावर हात लावत नाहीत.

निघाल्यावर पहिल्या एक किमीला थांबा. पिना, लिंच पिन, शॅकलचे बोल्ट हाताने तपासा आणि दोन्ही गाड्यांच्या मिळून आठही हबवर (चाकांच्या मध्यभागी) हात ठेवा. एखादा हात ठेववत नाही इतका तापला असेल तर तिथला ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग गेलंय. मग दर दहा किमीला हेच. वेल्डजवळ रंगाला बारीक रेघ दिसली तर तो बार तिथेच उतरवा.